वर्षभर थांबता येणार नसेल तर मेंटॉर व्हावं का?

सांजवारा
मंडळी, एक सल्ला हवाय. एका संस्थेत चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी युवा विकासाचा कार्यक्रम चालतो. शाळा सुटलेली नाहीतर सुटायच्या बेतात असलेली, घरात सारखी भांडणं बघणारी, काही तर मारामारीत सापडून पोलिसांपर्यंत जाऊन आलेली अशी मुलं आहेत. प्रत्येकाला एक मोठं माणूस, म्हणजे मेंटॉर, जोडून देतात, आठवड्यातून एकदा भेटायचं, अभ्यास, गप्पा, खेळ, काय जमेल ते. मी फॉर्म भरला, मुलाखतीत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, किमान एक वर्ष नक्की देणार का? आता माझी बदली पाच-सहा महिन्यांत होईल अशी चिन्हं आहेत, तसं मी सांगितल्यावर त्या बाई म्हणाल्या मग विचार करून कळवा, आणि चेहऱ्यावरून वाटलं की नाहीच म्हणताहेत.
मला प्रामाणिकपणे वाटतं की काहीच न मिळण्यापेक्षा सहा महिने मिळालेले बरे. इथे कोणी असं काम केलंय का, किंवा लहानपणी अशा कार्यक्रमात होतात का? मनापासून लिहा.

पाऊलवाट
जा की बिनधास्त. सहा महिने म्हणजे काय कमी असतात का. चांगल्या कामाला इतका विचार करू नये.

जुनी_वही
पाऊलवाट, थोडं थांबा. मी याच क्षेत्रात काम करते, बरीच वर्षं. सांजवारा, त्या बाईंनी बरोबर विचारलं. रात्री सविस्तर लिहिते.

गणितवेडा
यावर चक्क अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स नावाची जुनी संस्था आहे, एका मुलाला एक मोठं माणूस जोडून देणारी. त्यांच्या आठ शाखांमधल्या १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांवरचा अहवाल १९९५ साली आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला लगेच मेंटॉर, दुसऱ्याला वेटिंग. दीड वर्षानंतर मेंटॉर मिळालेल्या गटात ड्रग्जना सुरुवात करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आणि शाळा बुडवणं ५२ टक्क्यांनी कमी. आता तुमच्या प्रश्नाचं. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी नंतर हीच माहिती परत चाळली आणि २००२ मध्ये छापलं की फायदा मुख्यतः ज्यांची जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली त्यांना झाला. जी जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला. म्हणजे "काहीच नसण्यापेक्षा बरं" हे गृहीतच धरता येत नाही.

सांजवारा
बाप रे. हे माहीत नव्हतं. पण मी तीन महिने नाही, सहा महिने म्हणतेय.

गणितवेडा
मधल्या गटात फायदा फार दिसला नाही असंच म्हणावं लागेल. वर्ष हा काही जादूचा आकडा नाही, पण जितका काळ जास्त तितकं बरं ही दिशा साफ आहे.

उंबरठा
वाचनमात्र असतो, आज लिहावंसं वाटलं.
मी अशा कार्यक्रमातलाच मुलगा. वडील घर सोडून गेलेले, आई दोन ठिकाणी कामाला, मी नववीत नापास आणि रोज कुणाशी तरी हाणामारी. मला आधी एक सर मिळाले होते. फार चांगले होते, हसवायचे, बुद्धिबळ शिकवायला घेतलं होतं. काही आठवड्यांनी यायचे बंद झाले. नंतर कळलं की त्यांना दुसरी नोकरी लागली, यात त्यांचं काही चुकलं असं आज मला वाटत नाही. पण त्या वयात मला कुणी काही सांगितलंच नाही, मी दर शनिवारी वेळेवर जाऊन बसायचो आणि मग माझं मीच ठरवून टाकलं की आपण काहीतरी वाईट बोललो असणार म्हणून ते येत नाहीत. बाप गेला तेव्हाही हेच ठरवलं होतं.
मग दुसरा दादा मिळाला. त्याच्याशी मी कितीतरी दिवस एक शब्द बोललो नाही, मुद्दाम उशिरा जायचो, कधी जायचोच नाही. तो यायचा, ठरलेली वेळ संपेपर्यंत बसायचा आणि जाताना म्हणायचा "पुढच्या शनिवारी आहे मी". एवढंच. परीक्षेला परत बसायचा फॉर्म भरायचा होता, त्यात वडिलांच्या सहीचा रकाना होता, मी त्या रकान्यापाशी अडून फॉर्म तसाच दप्तरात कोंबून ठेवला होता. त्याने तो चुरगळलेला कागद बाहेर काढला, टेबलावर हाताने सरळ केला, आणि काहीही भाषण न देता म्हणाला चल, आईची सही चालते का ते ऑफिसात विचारून येऊ. चालत होती. माझं वर्ष त्या रकान्यावरून गेलं असतं. आज मी इलेक्ट्रिशियन आहे, हाताखाली दोन पोरं आहेत.
ताई, तुमची कळकळ दिसतेय म्हणून सांगतो, मधेच जाणार असाल तर एका मुलाला जोडून घेऊ नका.

रानपाखरू
उंबरठा, गलबलून आलं वाचून. लिहीत जा हो.

तिसरी_घंटा
तो फॉर्मचा प्रसंग! मी शिक्षिका आहे, असे अडकलेले कागद मी खूप पाहिलेत. मुलं अभ्यासामुळे गळतात त्याहून जास्त एखाद्या दाखल्यामुळे, सहीमुळे, "कुणाला विचारायचं" हेच माहीत नसल्यामुळे गळतात. आपल्याला वाटतं मुलाला प्रेरणा हवी. त्याला बऱ्याचदा खिडकीपर्यंत सोबत येणारं माणूस हवं असतं.

जुनी_वही
उंबरठा, तुम्ही जे लिहिलंत ते आम्ही नवीन लोकांना प्रशिक्षणात तासन्तास बोलून सांगायचा प्रयत्न करतो.
सांजवारा, आमच्याकडे अनुभवाने बसलेले काही नियम आहेत. पहिल्या भेटीत मुलाला सांगायचं की आपण किती काळ आहोत. जायचं असेल तर निदान महिनाभर आधी सांगायचं, शेवटची भेट ठरवून करायची, आणि "येत जाईन अधूनमधून" असलं वचन द्यायचं नाही जर येणं जमणार नसेल. मुलगा त्या अधूनमधूनची वाट बघतो. दुसरं, आधी तुमची पडताळणी होईल, ओळखीच्या लोकांना फोन जातील, त्याचा राग मानू नका, ज्या संस्थेत ती होत नाही तिथे उलट जाऊच नका. भेटी उघड्या जागी, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात, रात्री खाजगी मेसेज नाहीत. चांगल्या मनाच्या लोकांना हे नियम जाचतात, पण वाईट मनाचा माणूस अशीच ढिलाई शोधत असतो.

कुंपण
थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. हे मेंटॉर, लाइफ स्किल, आत्मविश्वास सगळं ठीक आहे, पण त्या पोराच्या घरी पैसा नाही हा मूळ प्रश्न आहे ना? त्याला काम द्या, पगार द्या. बाकीचं आपोआप येतं. आपण मध्यमवर्गीय लोक बोलून प्रश्न सोडवायला जातो कारण बोलणं आपल्याला जमतं.

गणितवेडा
कुंपण, तुमच्या बाजूने पुरावा आहे. शिकागोमध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात, हिंसाचार जास्त असलेल्या १३ शाळांतल्या १६३४ मुलामुलींमधून चिठ्ठ्या टाकून काहींना आठ आठवड्यांचं पार्ट-टाइम काम दिलं, किमान वेतनावर. सारा हेलर यांचा हा अभ्यास २०१४ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी. आणि गंमत म्हणजे बराचसा फरक काम संपल्यानंतर पडला, म्हणजे मुलं कामात गुंतली होती म्हणून शांत होती एवढंच ते नव्हतं.
पण एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते. प्रत्येक मुलाबरोबर कामाच्या जागी एक मोठं माणूस दिलेलं होतं. वेळेवर येणं, साहेब ओरडला तर काय करायचं, बस चुकली तर कुणाला फोन करायचा, हे सांगायला.

कुंपण
म्हणजे परत खिडकीपर्यंत सोबत येणारं माणूसच. बरं, मान्य. पण पगार आधी.

उंबरठा
कुंपण दादांशी निम्मा सहमत. मला पहिली कमाई हातात आली तेव्हा जे वाटलं ते कुठल्या शिबिरात वाटलं नाही. पण दादा नसता तर पहिल्याच आठवड्यात मी मालकाशी भांडून काम सोडलं असतं, हेही तितकंच खरं.

रानपाखरू
मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण हा धागा जरा एकसुरी व्हायला लागलाय. माझ्या मुलाला शाळेने अशाच एका कार्यक्रमात पाठवलं होतं. तो किरकोळ दंगा करायचा, वर्गातून पळून जाणं वगैरे. तिथे वीस मुलं एकत्र, सगळी "त्रास देणारी" म्हणून निवडलेली, आणि सांभाळायला एकच तरुण मुलगा. माझा मुलगा तिथून सिगारेट शिकून आला. गटात ज्याने सगळ्यात मोठा राडा केलेला तो हिरो. आम्ही शेवटी काढून घेतलं, फुटबॉलला घातलं, तिथे सगळ्या प्रकारची मुलं होती आणि कोच कडक होता, तिथे तो रुळला. तेव्हा कार्यक्रम म्हटला की चांगलाच असं धरून चालू नका. आईबापांनी जाऊन बघावं.

जुनी_वही
रानपाखरू, तुमचं म्हणणं शंभर टक्के ग्राह्य आहे आणि दुर्दैवाने हे वारंवार घडतं. नुसती अडचणीतली मुलं एका खोलीत कोंबली आणि मोठी माणसं कमी असली की मुलं एकमेकांकडूनच शिकतात. गट मिश्र हवा, लहान हवा, आणि त्यात टाळ्या कशाला पडतात यावर मोठ्यांचं लक्ष हवं.

गणितवेडा
याचा इतिहास फार मोठा धडा देणारा आहे, जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.
मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल नावाचा प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलगे, सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला मदत, दुसऱ्याला नाही. मदत म्हणजे समुपदेशक घरी यायचे, अभ्यास, दवाखाना, उन्हाळी शिबिरं, सरासरी पाच वर्षांहून जास्त काळ. १९४५ ला संपला. जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने पुढे या सगळ्यांना शोधून काढलं, तीस वर्षांनंतर, आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापला. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोक म्हणाले आम्हाला खूप फायदा झाला. प्रत्यक्ष नोंदी बघितल्या तर दारू, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा, लवकर मृत्यू, यात ते मदत न मिळालेल्यांपेक्षा मागे होते. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्यांचं जास्त नुकसान झालं. रानपाखरू ताईंनी जे सांगितलं तेच, मुलांनी एकमेकांना शिकवलं.
तसंच तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून मुलांना घाबरवायचे कार्यक्रम. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात सत्तरच्या दशकात सुरू झाले, प्रचंड गाजले. जिथे नीट तुलना केली तिथे अशी मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना दिसली.

पाऊलवाट
मग काय सगळंच बंद करायचं? मी डोंगर चढायला मुलं नेतो. आउटवर्ड बाउंड १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला सुरू झालं, कुर्ट हान यांच्या विचारावर, तरुण खलाशांना संकटात टिकून राहायला शिकवण्यासाठी. तेव्हापासून जगभर ही पद्धत चालते. दोर धरून पलीकडे गेलेल्या मुलाचा चेहरा मी बघितलाय, तो फरक आकड्यात येत नाही.

गणितवेडा
पाऊलवाट, सगळं बंद करा असं कुठे म्हटलं? मी म्हणतोय मोजा. मॅकॉर्डच्या मुलांचेही चेहरे खुललेलेच असणार, त्यांनी स्वतःच चांगलं म्हटलंय ना. चेहरा खुलला ही सुरुवात आहे, दोन वर्षांनी तो मुलगा कुठे आहे ते विचारत जा एवढंच.

पाऊलवाट
हे पटलं. आमच्याकडे ट्रेक संपला की संपर्क संपतो हे खरंय. यावर बोलतो आमच्या मंडळींशी.

तिसरी_घंटा
गणितवेडा, चांगलं चाललेलंही काहीतरी सांगा की, सगळ्यांचा हिरमोड केलात.

गणितवेडा
घ्या. शिकागोतलाच बिकमिंग अ मॅन हा कार्यक्रम. शाळेतच, आठवड्यातून एक तास, मुलग्यांचा छोटा गट आणि एक प्रशिक्षित माणूस. त्यांचा एक खेळ आहे. दोघांची जोडी, एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याला ३० सेकंदांत तो मिळवायचा. मुलं मूठ पिळतात, बोटं उपटतात, जमिनीवर लोळतात. मग अदलाबदल, पुन्हा तेच. शेवटी तो माणूस विचारतो, "कुणी चेंडू मागून बघितला का?" कुणीच नाही. आणि जोडीदाराला विचारलं, मागितला असता तर दिला असतास का, तर बरेच म्हणतात, हो, चेंडूच तर आहे. इथून पुढे बोलणं सुरू होतं की आपण समोरच्याच्या मनातलं न विचारता ठरवतो. उपदेश नाही, क्षणभर थांबायची सवय. चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन अभ्यासांत कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला, पण ज्या मुलांची पुढची माहिती मिळाली त्यांच्यात शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

रानपाखरू
आत्ता घरी दोघा भावंडांवर करून बघितला. सोफ्याची उशी फाटली. मागून बघितला का विचारलं तर धाकटा म्हणतो, "मागितला असता तर याने दिलाच नसता", आणि मोठा लगेच "दिला असता की!" मग बराच वेळ दोघं बोलत बसले, भांडत नाही, बोलत. उशी वसूल.

तिसरी_घंटा
मस्तच! उद्या वर्गात करते.
मला अजून एक मुद्दा आणायचा आहे. या सगळ्यात मुलांना कुणी विचारतं का? रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे सहभागच नाही, मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं, नावापुरतं बोलावणं. आपले बहुतेक युवा कार्यक्रम तिथेच आहेत, पाहुणा येतो, मुलं स्वागतगीत म्हणतात, फोटो. आमच्या शाळेत एकदा वार्षिक सहलीचा सगळा हिशेब मुलांच्या हातात दिला, एका अबोल मुलीने बसवाल्याशी घासाघीस करून भाडं कमी करून आणलं. मी दोन वर्षं तिला शिकवत होते, तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

कुंपण
हे आवडलं. जबाबदारी खरी असेल तर पोरं खरी वागतात. खोटी खोटी "लीडरशिप" त्यांना लगेच कळते.

जुनी_वही
शिडीचं अगदी बरोबर. आणि मला कवाईचाही उल्लेख करावासा वाटतो. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढची अनेक दशकं मागोवा घेतला. त्यातली जी सगळ्यात कठीण परिस्थितीत वाढली, गरिबी, भांडणं, आईवडिलांचे आजार, त्यांतली साधारण एक-तृतीयांश मुलं सक्षम, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात आईबापांव्यतिरिक्त कुणीतरी होतं, आजी, शिक्षक, शेजारी, युवा गटातलं एखादं माणूस, ज्याने त्यांना धरून ठेवलं. आणि मला जास्त धीर देणारी गोष्ट पुढची आहे, किशोरवयात बिघडलेल्यांपैकीही बरेचजण तिशीपर्यंत सावरले, कारण पुन्हा शिकायची किंवा काम शिकायची संधी मिळाली. माझ्याकडे सतरा-अठराचा मुलगा आला की लोक म्हणतात आता काय उपयोग. मी ऐकत नाही.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. उंबरठा, तुम्ही शनिवारचं जे लिहिलंत त्यानंतर मला हट्ट धरणं शक्यच नव्हतं. मी आज त्या बाईंना फोन करून सांगितलं की एका मुलाची मेंटॉर व्हायचं नाही, दुसरं काही काम आहे का? त्या एकदम मोकळ्या झाल्या. त्यांच्याकडे संध्याकाळची अभ्यासाची खोली आहे, तिथे रोज चार-पाच मोठी माणसं आळीपाळीने असतात, कुठल्याही एकावर मूल अवलंबून नाही. शिवाय फॉर्म, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज यासाठी त्यांना कुणीतरी हवंच होतं, आणि माझं ऑफिसातलं काम तेच आहे, कागद! पहिल्याच दिवशी मुलांना सांगायचं ठरलंय की मी अमुक महिन्यापर्यंत आहे.

उंबरठा
ताई, हे बेस्ट झालं. वडिलांच्या सहीचा रकाना दिसला की लक्ष ठेवा.

नवा_भिडू
नमस्कार, पहिलीच पोस्ट. मी १९ वर्षांचा आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलं, घरी आजारपण होतं. हे सगळे कार्यक्रम अठरापर्यंतच असतात का? माझ्यासारख्याला कुणी घेतं का, की उशीर झाला?

जुनी_वही
अजिबात उशीर नाही. युवा हा शब्द बहुतेक ठिकाणी चोविसापर्यंत धरतात, संयुक्त राष्ट्रांची आकडेवारीही १५ ते २४ धरते, आणि काही कार्यक्रम त्याही पुढे घेतात. संस्थेत गेलास की तीन गोष्टी विचार. इथे माझ्याबरोबर ठरावीक एकच माणूस असेल का आणि तो किती काळ आहे? कोर्स संपल्यावर काम मिळेपर्यंत तुम्ही सोबत असता का? आणि मागच्या तुकडीतल्या कुणाशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला जे आनंदाने हो म्हणतील तिथे आधी जा. घरच्या आजारपणाचंही पहिल्याच दिवशी सांग, म्हणजे वेळ त्याप्रमाणे ठरवता येते.

उंबरठा
भावा, हातकामाची आवड असेल तर वायरिंगबद्दल काहीही विचार मला, इथेच धाग्यावर, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मी रात्री नऊनंतर ऑनलाइन असतो.

नवा_भिडू
हो दादा. पहिला प्रश्न आत्ताच विचारतो, गणित कच्चं असेल तर चालतं का?

उंबरठा
गुणाकार-भागाकार आणि एक-दोन सूत्रं, बस. तेवढं गणितवेडा साहेब शिकवतील.

गणितवेडा
आनंदाने. उद्या रात्री नऊला, ओहमच्या नियमापासून सुरुवात करू. वही घेऊन बस.